एक माणूस, एक वल्हे आणि अख्खा कालवा

ईरी कालवा अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात पश्चिमेच्या ईरी सरोवराला पूर्वेच्या हडसन नदीशी जोडतो. १८२५ साली तो पुरा झाला तेव्हा त्याची लांबी ५८४ किलोमीटर होती. टोनावांडा ते वॉटरफर्ड हा आजचा मार्ग सुमारे ५४५ किलोमीटर भरतो. मोटारीने हे अंतर पाच तासांच्या आत कापता येते. कायाकमध्ये बसून हातांनी वल्हवत गेल्यास त्याच अंतराला अडीच ते तीन आठवडे लागतात. दोन्ही पर्यायांची पूर्ण माहिती असूनही दर उन्हाळ्यात काही माणसे दुसरा पर्याय निवडतात, त्यासाठी रजा टाकतात आणि बरोबर कोणालाही नेत नाहीत. हा प्रवास एकट्याचा म्हणून ओळखला जातो. तो एकट्याने पार पाडायला किती माणसे लागतात, याचा हिशोब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

हिशोबात पहिले नाव येते ते जेसी हॉलीचे. हा गृहस्थ पश्चिम न्यूयॉर्कमधला पिठाचा व्यापारी. पीठ होते, गिऱ्हाईकही होते. पण गिऱ्हाईक पूर्वेला दूर समुद्राच्या बाजूला, आणि मधल्या रस्त्यांवरून पीठ तिथवर नेण्याचा खर्च परवडेना. धंदा बुडाला, देणी थकली आणि हॉलीची रवानगी कॅनन्डेग्वा गावी कर्जबुडव्यांच्या तुरुंगात झाली. तिथे वेळेला तोटा नव्हता. त्याने १८०७-०८ मध्ये 'हर्क्युलिस' या टोपणनावाने वृत्तपत्रात १४ लेख लिहून सरोवरापासून हडसनपर्यंतच्या कालव्याची योजना मांडली. ज्याला स्वतःला गाव सोडून जाण्याची मुभा नव्हती, त्याने साऱ्या राज्याच्या येण्याजाण्याची सोय लावून दिली.

योजना राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यापुढे १८०९ मध्ये गेली. कल्पना झकास आहे, शंभर वर्षांनी कदाचित जमेलही, पण आज तिचा विचार करणे म्हणजे जवळजवळ वेडेपणाच, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुढे १८१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी अशा कामांसाठी केंद्राचा पैसा देणारे विधेयक नाकारले. तेव्हा न्यूयॉर्क राज्याने स्वतःच कर्ज काढले. या उद्योगाचा पुढारी होता डीविट क्लिंटन. विरोधकांनी कालव्याला 'क्लिंटनचा चर' असे नाव ठेवले आणि १८२४ मध्ये, काम संपत आलेले असताना, त्याला कालवा आयोगावरून काढूनही टाकले. लोकांना हे इतके झोंबले, की त्याच वर्षी त्यांनी त्याला गव्हर्नर म्हणून निवडून दिले. काम होऊ घातले की ते करणाऱ्याला घरी पाठवण्याची घाई फार जुनी आहे. तिचे असे झटपट फळ मात्र क्वचित मिळते.

खणायचे ठरले, पण खणायचे कसे हे ठाऊक असलेली माणसे देशात जवळपास नव्हती. मुख्य जबाबदारी बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस यांच्यावर आली. दोघेही न्यायाधीशाचे काम केलेले. जमिनींच्या मोजण्या करून त्यांचा हात बसला होता, आणि ज्याला जमीन मोजता येते त्याला ती खणताही येईल, एवढ्या आधारावर राज्याने लक्षावधी डॉलर त्यांच्या हाती दिले. नेथन रॉबर्ट्स हा शाळामास्तर होता. लॉकपोर्टच्या कड्यावरून नावा चढवण्या-उतरवण्याची अवघड रचना त्याने आखली. कॅनव्हस व्हाइट हा तरुण इंग्लंडला जाऊन तिथल्या कालव्यांच्या काठाने सुमारे ३,२०० किलोमीटर पायी फिरला, आणि परतल्यावर पाण्याखाली घट्ट होणाऱ्या सिमेंटचा दगड त्याला घराजवळच सापडला. ४ जुलै १८१७ रोजी रोम या गावी पहिली कुदळ पडली. १२ मीटर रुंद, १.२ मीटर खोल आणि नावा चढवणारी-उतरवणारी ८३ लॉक असलेला हा चर हजारो मजुरांनी फावडी, बैल, घोडे आणि बंदुकीची दारू यांच्या बळावर आठ वर्षांत खणला. मजुरांतले पुष्कळ आयरिश होते. माँटेझुमाच्या दलदलीत १८१९ च्या उन्हाळ्यात शेकडो मजूर तापाने अंथरुणाला खिळले. दोष डासांकडे न जाता दलदलीच्या वासाकडे गेला. आज त्याच दलदलीतून जाणारा एकटा प्रवासी डास चावतो म्हणून कुरकुरतो, आणि खिशातून मलम काढतो.

उद्घाटन २६ ऑक्टोबर १८२५ रोजी झाले. बफेलोहून क्लिंटनला घेऊन 'सेनेका चीफ' ही नाव निघाली, हे न्यूयॉर्क शहराला कळावे म्हणून वाटेवर तोफा मांडल्या होत्या. पहिली उडाली की तिचा आवाज ऐकून दुसरी, दुसरीचा ऐकून तिसरी, अशी बातमी दीड तासाच्या आत शहरात पोचली. खुद्द नाव पोचायला ४ नोव्हेंबर उजाडला. तिथे क्लिंटनने ईरी सरोवराचे पाणी समुद्रात ओतले आणि या विधीला 'पाण्यांचा विवाह' असे नाव मिळाले. समारंभ अपुरा वाटू नये म्हणून सॅम्युएल मिचिल या विद्वानाने जगातल्या मोठ्या नद्यांचे पाणीही समुद्रात सोडले. त्यात नाईल, ॲमेझॉन, थेम्स यांच्या जोडीला सिंधू होती आणि गंगाही होती. विवाहाला गंगाजल आले होते. ते शिंपडून घ्यायला वऱ्हाडातले कोणी पुढे झाल्याची नोंद नाही.

कालव्याचा फायदा इतका लवकर दिसला, की टीकाकारांना आपण कधी टीका केली हेच आठवेना. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला पूर्वी १०० डॉलरच्या आसपास खर्च येई. तो १० डॉलरच्या खाली आला. बांधकामाचे कर्ज १८३७ पर्यंत फिटले. टोल मात्र १८८२ पर्यंत चालू राहिला. टोलचा हा स्वभाव सार्वत्रिक असावा.

नावा ओढण्याचे काम घोडे आणि खेचरे करीत. ती काठाच्या वाटेने चालत, मागे लांब दोर, दोराच्या टोकाला नाव. काठ ढासळू नयेत म्हणून वेगावर ताशी ६.४ किलोमीटरची मर्यादा होती. कालव्याने ज्यांची शेते दुभागली त्या शेतकऱ्यांना पूल बांधून देणे भाग होते, आणि पूल जितका बुटका तितका स्वस्त, हे राज्याच्या चटकन लक्षात आले. परिणामी नावेच्या छपरावर निसर्गशोभा पाहत बसलेल्या प्रवाशांना दर थोड्या वेळाने, ओरड ऐकू येताच, आडवे व्हावे लागे. स्त्रिया, पाद्री, पुढारी सगळे एकाच वेळी एकाच आज्ञेने लोटांगण घालीत. ही आज्ञा पुढे १९०५ मध्ये लिहिलेल्या 'लो ब्रिज, एव्हरीबडी डाउन' या गाण्यामुळे देशभर पसरली. खेचरांची सद्दी संपून इंजिने येऊ लागली, तेव्हा खेचरावरचे हे गाणे लोकप्रिय झाले. जिवंत खेचरावर कोणी इतके प्रेम केल्याचे पुरावे कमी आहेत.

आता हा 'ऐतिहासिक' कालवा वल्हवायला आलेल्या माणसाची एक अडचण सांगणे आवश्यक आहे. तो कालवा बहुतेक ठिकाणी जागेवर नाही. मूळ चर अपुरा पडू लागल्याने १८३६ नंतर तो रुंद आणि खोल करण्यात आला. त्यानंतर १९०५ ते १९१८ या काळात तिसऱ्यांदा काम काढून पूर्वेकडच्या बऱ्याच भागात कालवा शेजारच्या नद्यांतच नेऊन सोडला. जुन्या वाटेचे तुकडे रानात, गवतात, शेवाळात उरले. सिरॅक्यूज शहरात ती बुजवून वर रस्ता केला. त्याचे नाव ईरी बुलेव्हार्ड, आणि तिथे आता मोटारी खोळंबतात. रॉचेस्टर शहराने आणखी कल्पकता दाखवली. कालव्याच्या रिकाम्या पात्रात त्याने १९२७ मध्ये भुयारी रेल्वे चालवली आणि १९५६ मध्ये तीही बंद केली. त्यामुळे १८२५ च्या आठवणीने भारावलेला प्रवासी प्रत्यक्षात १९१८ च्या पाण्यावर वल्हवत असतो. पाण्याला याने फरक पडत नाही, आणि भारावण्यालाही पडत नाही.

कायाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांची नाव. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत आणि तीत बसून शिकार करीत. म्हणजे ती पोट भरण्याचे साधन होती. आजची लांब पल्ल्याची कायाक प्लास्टिकची किंवा फायबरची असते, लांबी पाच मीटरच्या आसपास, वजन २५ किलोच्या घरात. पोट भरण्याशी तिचा संबंध एवढाच, की पुढच्या-मागच्या कप्प्यांत शिधा कोंबलेला असतो. शिध्याबरोबर तंबू, झोपण्याची पिशवी, शेगडी, पाण्याच्या बाटल्या, जलरोधक पिशवीतला फोन, तो चार्ज करायची सोय, लॉक टाळून काठाने जायचे झाल्यास कायाक ओढायची छोटी दोन चाकी गाडी, आणि हे सगळे कशासाठी घेतले आहे याची यादी. साधेपणाच्या शोधात निघालेल्या माणसाला लागणाऱ्या वस्तू मोजल्या, तर साधेपणा हा महागड्या छंदांपैकी एक ठरतो.

वल्हे दुहेरी पात्याचे असते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एवढे कौशल्य पहिल्या तासात येते, आणि उरलेले अडीच आठवडे तेच करायचे असते. या प्रवासात हात दुखत असतील, असा काठावरच्यांचा समज असतो. हात पहिल्या काही दिवसांत दुखून पुढे गप्प बसतात. खरा प्रश्न बुडाचा. दिवसाचे सहा-सात तास ते एकाच साच्यात ठेवावे लागते आणि त्याला तक्रारीखेरीज दुसरे काम नसते. लांब पल्ल्याचे कायाकवाले एकत्र जमले की संध्याकाळी वल्ह्यांबद्दल बोलतात आणि रात्री बैठकीच्या गाद्यांबद्दल. सरासरी वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे खेचरांना घालून दिलेल्या मर्यादेच्याही आत. दोनशे वर्षांच्या प्रगतीनंतर कायाकवाला खेचरापेक्षा हळू जातो, पण खेचराला निदान दर काही तासांनी बदली मिळत असे.

हंगाम साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. हिवाळ्यात पश्चिमेकडच्या भागातले पाणी काढून घेतात, तेव्हा तिथे वल्हवायला जाणाऱ्याला वल्ह्याऐवजी गमबूट लागतात. बहुतेक कायाकवाले पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. कारण सरोवर हडसनपेक्षा सुमारे १७२ मीटर उंचावर आहे, पाण्याला पूर्वेकडे किंचित ओढ आहे, आणि वाराही पुष्कळदा पश्चिमेचाच असतो. निसर्गावर मात करायला निघालेला माणूस दिशा निवडताना निसर्गाचे ऐकतो.

टोनावांडाहून निघाल्यावर पहिल्या दिवशीच तो खडकात फोडलेल्या खोल घळीतून लॉकपोर्टला पोचतो. जो कडा पश्चिमेला नायगारा धबधब्याला जागा देतो, तोच इथे आडवा येतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली पाण्याची मोठी पेटी. खाली उतरायचे असेल तर पेटी आधी काठोकाठ भरतात, वरचे दार उघडते, नाव आत जाते, दार मिटते, तळाच्या नळांतून पाणी निघून जाते आणि नाव पाण्याबरोबर खाली बसते. मग पुढचे दार उघडते. यंत्राला यात फक्त दारे आणि झडपा हलवायच्या असतात. उचलण्या-उतरवण्याचे काम पाण्याचे वजन फुकटात करते. लॉकपोर्टची दोन लॉक मिळून सुमारे १५ मीटर उतरवतात. शेजारी पाच पायऱ्यांच्या जुन्या लॉकांची एक ओळ जपलेली आहे. शाळामास्तर रॉबर्ट्सचा गृहपाठ अजून तपासायला मिळतो.

लॉक उघडावे म्हणून तीन वेळा भोंगा वाजवायचा, किंवा बिनतारी संचावरून अथवा फोनवरून कळवायचे. दाराशी तांबडा आणि हिरवा दिवा असतो. मागे-पुढे मैलभर एकही नाव नसताना कायाकवाला तांबड्या दिव्यापाशी थांबतो आणि हिरवा लागल्यावर निघतो. मोटार चालवताना याच माणसाचे वर्तन वेगळे असू शकते. आत गेल्यावर भिंतीवरून लोंबणारा दोर हातात सैल धरायचा. तो बांधायचा नाही. कारण पाणी खाली जाते तेव्हा बांधलेली नाव भिंतीला टांगून राहते. भिंत शेवाळाने इतकी बुळबुळीत असते, की पहिल्या लॉकनंतर हातमोजे का सांगितले होते ते कळते. कधी शेजारी लाखो डॉलरांची यंत्रनौका असते. तिचा कप्तान आणि कायाकवाला दोघेही दोर धरून सारख्याच वेगाने खाली जातात, आणि दोघांनाही सारखीच शून्य डॉलर आकारणी होते, कारण हौशी नावांना आता टोल नाही. लॉकवरचा कर्मचारी मात्र पगारी असतो. हिशोबात त्याचे नाव घालावे, शिवाय पुढच्या लॉकच्या कर्मचाऱ्याचेही, कारण 'एक कायाक येते आहे' असा निरोप बहुधा आधीच पुढे गेलेला असतो. लॉकांचे क्रमांक २ पासून ३५ पर्यंत आहेत. १ क्रमांकाची जागा केंद्र सरकारच्या ट्रॉय इथल्या लॉकने घेतली आहे आणि ३१ क्रमांकाचे लॉकच नाही. ३२ नंतर एकदम ३० लागते, तेव्हा एकट्या प्रवाशाला आपण एखादे झोपेत पार केले की काय, अशी शंका येते. आणि विचारायला बरोबर कोणी नसते.

लॉकपोर्टपासून रॉचेस्टरपर्यंत जवळपास १०० किलोमीटर एकही लॉक नाही. या भागात कालवा सपाट, सरळ आणि शांत आहे, म्हणजे कायाकवाल्याने ज्यासाठी रजा घेतली ते सगळे इथे एकत्र मिळते आणि दुपारपर्यंत पुरते. मेदिना गावाजवळ एक रस्ता कालव्याच्या खालून जातो. १८२३ पासूनचा हा बोगदा कालव्याखालून जाणारा एकमेव रस्ता आहे. तिथे वरून कायाक आणि खालून मोटार एकाच वेळी जाऊ शकतात, आणि दोन्हीकडच्या माणसांना दुसऱ्याची दया येते. लॉकपोर्ट आणि फेअरपोर्ट यांच्या दरम्यान गावागावांत उचलते पूल आहेत. नाव आली की पूलचा पूल यंत्राने सरळ वर जातो. फेअरपोर्टचा १९१४ चा पूल तर तिरपा, उतरता आणि विषम कोनांचा आहे. भूमितीच्या शिक्षकाने त्यावरून डोळे मिटून जावे. कायाकवाला बहुधा पूल न उचलता, मान खाली घालून, जुन्या आज्ञेप्रमाणे खालून सरकतो. पुलावर थांबलेल्या मोटारींची रांग आपल्यामुळे झाली, हे समाधान त्याला मिळत नाही.

एकांत मिळेल, ही अपेक्षा इथेच संपते. खेचरांच्या वाटेवर आता सायकलवाले, पळणारे आणि कुत्री फिरवणारे असतात. कायाकचा वेग झपझप चालणाऱ्या माणसाइतका असल्याने एखादे आजोबा कुत्र्यासह अर्धा तास बरोबरीने चालत राहतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. कुठून निघालात, कुठवर जाणार, भीती वाटत नाही का, रात्री कुठे झोपता, नोकरी काय करता. शेवटचा प्रश्न 'काम तरी काय करता' अशा सुरात येतो. मग आजोबा त्यांच्या तरुणपणी हिवाळ्यात कालवा गोठला तेव्हा काय झाले ते सांगतात. उलट दिशेने जाणारे सायकलवाले 'बफेलो अजून किती लांब?' असे ओरडून विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत दिसेनासे होतात. यांच्याखेरीज करडा बगळा असतो. कायाक जवळ आली की तो उडतो आणि पुढे शंभर मीटरवर जाऊन बसतो. कायाक तिथे पोचते, तो पुन्हा उडतो, पुन्हा पुढेच बसतो. मागे जाऊन बसला तर हा प्रश्न कायमचा सुटेल, हे बगळ्याला दिवसभर सुचत नाही; आणि आपला पाठलाग चालला आहे, याबद्दल त्याची खात्री पटत जाते.

या प्रवासात जगही स्वस्तात पाहून होते. न्यूयॉर्कच्या वसाहतकारांनी गावांना नावे देताना इतिहास-भूगोलाचे पुस्तक समोर उघडे ठेवले असावे. त्यामुळे वल्हेकरी मेदिना, पाल्मायरा, माँटेझुमा, सिरॅक्यूज, रोम, युटिका, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि ट्रॉय ही स्थळे तीन आठवड्यांत एका रेषेत करतो. पारपत्र लागत नाही. प्रत्येक ठिकाणी पाहण्याजोगी गोष्ट आईस्क्रीमचे दुकान ही असते.

सिरॅक्यूजच्या उत्तरेला मार्ग ओनायडा सरोवरात शिरतो. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, खोली बेताची. उथळ असल्याने थोड्या वाऱ्यातही पाणी उसळते. १८२५ च्या खेचरांना सरोवरात चालता येत नसल्याने जुना कालवा ते टाळून दक्षिणेकडून गेला होता. आजचा मार्ग थेट मधून जातो. शहाणे कायाकवाले पहाटे निघतात, काठ धरून जातात आणि वारा वाढला की ब्रूअरटनच्या धक्क्यावर दोन दिवस बसून राहतात. या दोन दिवसांत त्यांना हवामानाच्या अंदाजाचे सात वेगवेगळे स्रोत तोंडपाठ होतात. काठावरचा एखादा कोळी आकाशाकडे पाहून 'उद्या जा' म्हणतो आणि त्याचेच खरे होते. हिशोबात कोळ्याचेही नाव घालावे.

सरोवरानंतर थोडे चढून रोम, आणि तिथून उतार. लिटल फॉल्सचे १७ क्रमांकाचे लॉक एकाच झटक्यात १२ मीटरहून जास्त खाली नेते. ही पेटी सुमारे ९० मीटर लांब आणि १३ मीटर रुंद वापरता येते. एकट्या कायाकला खाली सोडण्यासाठी त्यातून दीड कोटी लिटरच्या आसपास पाणी वाहून जाते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या मापात हे पंधराशे टँकर होतात, आणि ते उतरवतात ऐंशी किलोचा माणूस, पंचवीस किलोची कायाक आणि अर्धी उरलेली बिस्किटांची पुडी. पुढे मोठ्या नावा आल्या तरी पाणी तेवढेच लागते, म्हणून कर्मचारी शक्य तेव्हा दोन-तीन नावा एकत्र करतात. पण दुसरे कोणी नसले, तर एकट्यासाठीही पेटी भरते आणि रिकामी होते. खाली पोचलेला प्रवासी काँक्रीटच्या विहिरीच्या तळाशी बसलेला असतो. इथले पुढचे दार बाजूला उघडत नाही, सरळ वर उचलले जाते. त्याखालून बाहेर पडताना दारावरचे पाणी मानेवर ठिबकते. राज्याने एवढे पाणी खर्च केल्यावर थोडे अंगावर पडणे रास्तच आहे.

लिटल फॉल्सच्या आसपास मोहॉक नदीचे खोरे अरुंद होते. ॲपलाशियन डोंगरांतून पश्चिमेकडे जायला सोयीची ही फट असल्याने कालवा इथूनच नेला गेला, मागाहून लोहमार्गही इथूनच गेला आणि १९५४ मध्ये थ्रूवे हा महामार्गही. पुष्कळ लॉकांपाशी परवानगीने तंबू ठोकता येतो. हिरवळ कापलेली, नळ जवळ, वर तारे. दहाच्या सुमारास पहिली मालगाडी येते. तिचे डबे मोजून झोपण्याचा प्रयत्न केला तर शंभरच्या पुढे मोजणी जाते आणि ती संपेपर्यंत दुसरी येते. पलीकडे थ्रूवेवरचे ट्रक अखंड चालू असतात. दोन शतकांच्या वाहतुकीत सगळ्यांत शांत असलेल्या कालव्याच्या काठी माणूस उरलेल्या दोन्ही मार्गांचे आवाज ऐकत जागा राहतो. सकाळी लॉकवरचा कर्मचारी कॉफी देतो आणि झोप छान लागली ना, असे विचारतो. उत्तर नेहमी 'हो' असते.

मोहॉकच्या काठी जुन्या कालव्याचे अवशेष अधूनमधून दिसतात. फोर्ट हंटरजवळ १८४० च्या सुमारास बांधलेल्या दगडी जलसेतूच्या कमानी मोहॉकला मिळणाऱ्या ओढ्यात उभ्या आहेत; त्यावरून एके काळी नावा तो ओढा ओलांडीत. शेवटी वॉटरफर्डला पाच लॉक एका ओळीत येतात. अडीच किलोमीटरच्या आत ती ५१ मीटर उतरवतात आणि हडसनच्या पातळीवर नेऊन सोडतात. एका लॉकमधून सुटले की दुसऱ्याचे दार उघडे असते. परत फिरावेसे वाटले तरी वाटेत थांबायला जागा नसते.

खालच्या धक्क्यावर कायाक काठाला लागते आणि प्रवास संपतो. प्रवाशाचे दंड भरलेले असतात, नाक सोललेले असते आणि आपण हे एकट्याने केले, असे त्याला वाटत असते. समोर पाच मीटर लांबीची कायाक, ओला तंबू आणि चिखलाने माखलेली गाठोडी पडलेली असतात. हे सगळे काखोटीला मारून आगगाडीत चढता येत नाही. म्हणून घरचे किंवा मैत्रीतले कोणीतरी पाच तास मोटार चालवून आलेले असते, टपावर दोर बांधते, ओल्या वासाबद्दल काही बोलत नाही आणि पुन्हा पाच तास मोटार चालवते. परतीचा थ्रूवे बराच काळ कालव्याच्या जवळूनच धावतो. तीन आठवड्यांत आलेली गावे तासातासाला मागे पडतात. प्रवासी त्या वेळी गाढ झोपेत असतो. पुढे त्याचे प्रवासवर्णन लिहून होते, तेव्हा त्यात बगळ्याला दोन परिच्छेद मिळतात. गाडी चालवणाऱ्याचे नाव येत नाही.